पाटाखालची चिती

“मग ही पाटाखाली का सारलीस?” स्वामींनी विचारलं.

पाटावर बसवंतने ओल्या मातीच्या चिती मांडल्या होत्या. एक त्रिकोणी, एक चौकोनी, एक षट्कोनी. जशी खालची बैठक तसंच वरचं तोंड, आणि भिंती सपाट.

आमच्या मठाची रीतच तशी. मुलांना भूमिती शिकवायची असेल, तर आकार आधी आपल्या हातांनी घडवायचे, मग स्वामींसमोर बसून दोऱ्याने कापून दाखवायचे. स्वामी, म्हणजे आमचे आप्पा, हो म्हणाले, तरच मठाच्या शाळेत फळ्यापुढे उभं राहायचं.

त्या फळ्यापुढे इतकी वर्षं मल्लय्या अण्णा उभे राहत आले होते. बसवंतला पहिला त्रिकोण त्यांनीच हात धरून काढायला शिकवला. आता अण्णांची पाठ पार वाकली होती.

“काढ बाहेर,” स्वामी म्हणाले.

बसवंतने काढली. चौकोनीच होती, पण एका अंगाला झुकलेली.

“फळी उचलताना कलली, आप्पा. तिरकी चिती म्हणतात हिला. पण मुलांना दाखवायची ती सरळच बरी.”

“आणि अण्णा?”

“अण्णांचं काय… वाकले ते. निम्म्या फळ्यापर्यंतसुद्धा हात जात नाही. पोरं मागून नक्कल करतात त्यांची. आता माझ्या हाताखाली बसावं त्यांनी, हजेरी घ्यावी.”

स्वामींनी ती झुकलेली चिती त्याच्यापुढे सरकवली.

“काप.”

बसवंतने दोरा ताणला. बैठकीला धरून, आडवा. एक काप… तोच चौकोन. त्याखाली आणखी एक… तोच चौकोन. तळापर्यंत तेच.

स्वामींनी ते काप एकावर एक ठेवले. मग एका बोटाने हळूहळू सरकवत सगळे एका ओळंब्यात आणले आणि ती रास सरळ चौकोनी चितीच्या शेजारी नेऊन ठेवली.

उंची तीच. रुंदी तीच.

“किती कमी भरली?”

“…काहीच नाही, आप्पा.”

बाहेर ओसरीवर अण्णा मुलांना कोन मोजून दाखवत होते. खोकत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून.

बसवंत हातावरची माती चोळत बसला. हळूच म्हणाला, “मग… फळ्यापुढच्या जागेचं काय, आप्पा?”

“ते अण्णांना विचार.”

तो उठला. दारापाशी पोचला, तेव्हा स्वामी मागून म्हणाले,

“वाकून विचार, बसवंता… कमी भरणार नाहीस.”