दिवाणजींचे तीनशे होकार

सोनवडीच्या नदीवर होडी एकच, आणि ती वल्हवून चिमाबाईच्या तळहातांना घट्टे पडलेले. पैलतीरावरून रोज कितीतरी माणसं होडीत जागा न मिळून परत फिरत; त्यांत आजारीही असत. म्हणून तिनं राजाकडे दुसरी होडी मागितली.

दिवाण त्र्यंबकपंतांनी लगेच वही उघडली. "गरजच नाही, महाराज! आठ दिवस मी आपल्या घाटावर बसलो. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, होडी मिळाली का? तीनशे माणसं, तीनशे होकार! ही बाई उगाच कांगावा करते."

दरबारानं माना डोलावल्या. चिमाबाईनं पदर खोचला. "महाराज, पंतांनी आज पैलतीरी मुक्काम करावा आणि उद्या, बाजाराच्या दिवशी, दरबाराला यावं. घाटाचा नियम मात्र पाळायचा. येईल त्यानं रांगेत खडा ठेवायचा आणि खडा येईल तशी पाळी घ्यायची."

"त्यात काय एवढं!" म्हणत पंत गेले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, पण दिवाणांचं आसन रिकामंच.

"पंत कुठं आहेत?" राजानं विचारलं.

"पैलतीरी, महाराज," चिमाबाई म्हणाली. "उशिरा उठले. त्यांच्या खड्याआधी साठ खडे आहेत. पण काळजी नसावी. माझ्या होडीतून आलेली ही वीस माणसं उभी आहेत. त्यांना विचारा, होडी मिळाली का? वीसच्या वीस होकार देतील. वहीच्या हिशेबानं पंतांची काहीच अडचण झालेली नाही!"

राजा खो खो हसला. "दुसरी होडी आजच सोडा, आणि पंतांना आणा!"

"आणते की," चिमाबाई म्हणाली, "साठ माणसं उतरवून झाली, की लगेच."