बाळंतिणीचं तूप

“शाप देऊन भीक मागतो, त्याला गोसावी म्हणायचं की दरोडेखोर?”

त्र्यंबक संतापला होता. काशीहून न्यायशास्त्र शिकून आलेला हा शिष्य मठातल्या समाधीपुढच्या नंदादीपासाठी तूप मागायला गावात गेला होता. भरलेला गडू त्याने निरंजनबुवांपुढे आदळला.

बुवा उखळात साळी कांडत होते. “कुणाच्या दारात पाहिलास?”

“सगुणाबाईच्या. सून दिवस भरलेली, उंबऱ्यात उभी. आणि हा ओरडतो, ‘तूप दे, नाहीतर पोर आडवं येईल!’ जनाची नाही, मनाची तरी?”

“मग?”

“मग काय! बाईने मुसळ उचललं. ‘माझ्या नातवाला शाप देतोस, मुडद्या?’ पाठीत एक बसलंच. झोळी टाकून पळाला भोंदू!”

“शाब्बास तिची!” बुवा खदखदून हसले. “आणि तुला तूप दिलं.”

“आपली मागायची रीत असते, बुवा. मी आवाज चढवला नाही. हात जोडले.”

“लगेच दिलं?”

“नाही... म्हणाली, बाळंतिणीसाठी साठवलंय, घरात दुसरं नाही.”

“मग?”

त्र्यंबकने घसा खाकरला. “मी म्हटलं, राहू दे, माय. पण घरात दिवस भरलेली सून आहे... अशा वेळी समाधीपुढचा दिवा विझू नये, एवढंच आपलं वाटतं.”

बुवांचं मुसळ थांबलं.

“तिने काय केलं?”

“सुनेकडे पाहिलं... आत जाऊन गडू आणला. माझ्या पाया पडली.”

“तिचं मुसळ?”

“तिथेच होतं. भिंतीला टेकलेलं.”

बुवा उठले. समाधीपाशी गेले आणि जळती वात दोन बोटांच्या चिमटीत धरली.

चर्र आवाज झाला. धूर निघाला.

“बुवा! नंदादीप...”

“विझला. तिला जाऊन सांग, मीच विझवला.” बुवांनी गडू त्याच्या हातात कोंबला. “आणि हे सुनेला देऊन ये.”

त्र्यंबकचे कान तापले. काशीत कुणी त्याला असं बोललं नव्हतं.

“म्हणजे त्या भोंदूत आणि माझ्यात काहीच फरक नाही?”

“आहे तर!” बुवांचा आवाज प्रथमच चढला. “तो मुसळ खाऊन गेला. तू पाया पडवून घेतलंस.”