उरलेली लाज

एका तलावाकाठच्या गावात एक वृद्ध जलतरण-शिक्षक होते. बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याकडे पोहायला शिकलेली उत्तरा ही रसायनशास्त्राची प्राध्यापिका त्यांची लाडकी शिष्या. वर्षभर सराव करून तिने त्या गावच्या ट्रायथलॉनमध्ये नाव दिले. आधी तलावात पोहायचे, मग चाळीस किलोमीटर सायकल, शेवटी दहा किलोमीटर धावणे. साऱ्या कॉलेजला तिने हे इतक्यांदा ऐकवले होते की शिपाईसुद्धा तारीख विचारून गेला होता.

पोहणे उत्तम झाले. सायकलही चौतिसाव्या किलोमीटरपर्यंत झकास चालली. मग चढावर कडकन आवाज झाला. चेन तुटली आणि त्या झटक्यात मागचा गिअरही मोडला.

थोड्या वेळाने आयोजकांची जीप आली. तीत मुख्य आयोजक होते, दोन स्वयंसेवक होते आणि सायकली दुरुस्त करणारा सदानंद होता. उत्तराची सायकल तोच सांभाळत असे. महिन्यापूर्वी त्याने बजावले होते, "ताई, चेन पार झिजलीय. बदला. चढावर दगा देईल." त्यावर ती म्हणाली होती, "स्पर्धा झाल्यावर बघू."

सदानंदने वाकून पाहिले. "हे इथं नाही व्हायचं," तो हळूच म्हणाला.

"काय झालं हो?" आयोजकांनी विचारले.

उत्तराच्या तोंडून निघून गेले, "यांनीच बसवलीय चेन. नीट बसवली असती तर कशाला तुटली असती?"

सदानंदने मान वर केली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. आयोजक चिडले. "पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू," ते त्याच्या समोरच म्हणाले. मग उत्तराला म्हणाले, "बसा मॅडम, जीपमध्ये." ती नको म्हणाली. जीप निघून गेली.

ती सायकल ढकलत चालू लागली. मागून आलेले स्पर्धक एकेक करून पुढे जात होते. कुणी "सांभाळून" म्हणे, कुणी नुसतेच पाही. प्रत्येक वेळी तिची मान खाली जाई. दोन किलोमीटरवर पाणी देण्याच्या टेबलामागे स्टुलावर तिचे सर बसले होते.

"सर, सगळे बघतायत. सोडून देऊ की जाऊ?"

सर उठले, स्टूल उलटे फिरवले आणि रस्त्याकडे पाठ करून बसले.

"मी बघत नाही. आता ठरव."

उत्तरा गोंधळली. रस्ता मोकळा होता. मागून कुणी येत नव्हते. तरी तिची मान वर होईना. मग अवघडून म्हणाली, "सर, मी मघाशी खोटं बोलले. सदानंदने चेन बदला म्हणून सांगितलं होतं. मीच टाळलं. आणि नाव त्याचं घेतलं, चारचौघांत."

सर अजूनही पाठमोरेच होते. ते म्हणाले, "बाळ, मागे पडल्याची लाज लोकांच्या डोळ्यांत असते. डोळे वळले की तीही जाते. मी पाठ फिरवली तरी जी गेली नाही, ती तुझी. शर्यत पुरी केलीस म्हणून ती धुतली जाणार नाही, आणि सोडलीस म्हणूनही नाही. आधी तिचं काय करायचं ते कर. धावायचं की नाही, ते मग पायांना विचार."

ती उरलेले चार किलोमीटर चालत गेली. सायकलचा टप्पा संपतो तिथल्या तंबूत आयोजक होते, सदानंद होता, स्वयंसेवक होते, परतलेले स्पर्धकही होते. तिने सायकल टेकवली आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "चूक सदानंदची नव्हती. त्यांनी मला आधीच बजावलं होतं. मी खोटं बोलले." तिचे कान तापले होते. आयोजक सदानंदला म्हणाले, "अरे, मग तू तिथंच का नाही बोललास?"

सदानंद हात पुसत म्हणाला, "ताईंचा दिवस आधीच वाईट चालला होता."

हे ऐकून उत्तराला जमीन दुभंगावी असे वाटले. तिने हात जोडले. त्यानेही जोडले.

"धावणार आहात?" एका स्वयंसेवकाने विचारले. "वेळ संपत आलीय. निकालात नाव येणार नाही."

पायांनी होकार दिला. ती धावली. परत आली तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवून झाली होती आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हते.

सोमवारी कॉलेजात सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "मग, झाली का पुरी?"

"वेळेत नाही झाली," उत्तरा म्हणाली. "चेन तुटली. बदला म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

हे सांगताना तिला लाज वाटलीच. पण त्या लाजेने वाक्य मध्येच थांबले नाही.