टेकडीवरच्या नेटचा नवा दर

“…मग जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावं, यात अन्याय कुठे आला, माई?”

माई पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात माईंच्याच हाताखाली अभिराम मोठा झाला. शहरात जाऊन कॉम्प्युटर शिकला, परत आला. मठामागे त्याने टॉवर उभा केला आणि खालच्या वाडीत इंटरनेट गेलं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो दिसायचा.

आजवर घरटी सारखीच वर्गणी होती. आता नेट पुरेना. संध्याकाळी वाडी मठात जमणार होती आणि अभिराम नवा दर सांगणार होता. प्रत्येकाला मीटर. किती वापरलं, किती उरलं, मोबाइलवर सतत दिसेल. मोठा पॅक घेणाऱ्याला जीबीमागे स्वस्त.

फक्त माईंचा आशीर्वाद तेवढा हवा होता.

“जास्त घेईल त्याला स्वस्त?” माईंनी विचारलं.

“घाऊक भाव असतो तो. तुम्ही नाही का गुळाची अख्खी ढेप घेत?”

“घेते की. ढेपेचे पैसे असतात तेव्हा.”

“आणि नसतात तेव्हा?”

“तेव्हा खडा घेते. महाग पडतो.”



“बरं, घाऊक भाव काढून टाकतो. पण मीटर राहणार. कोंडाआजी फक्त रविवारी लेकाशी बोलते, तो आखातात असतो. लॉजवाले श्रीपतराव दिवसभर सगळं नेट ओढून घेतात. दोघांची वर्गणी एकच. हा न्याय झाला?”

“नाही.”

त्याने वादाची तयारी केली होती.

“म्हणजे… मीटर बरोबर?”

“बरोबर. बस इथं. आजपासून मीही तुझ्याशी मोजून बोलते. शब्दाला एक मणी. माळ संपली की गप्प.”

“थट्टा करताय, माई.”

“तू केलंस की दरपत्रक, अन् मी केलं की थट्टा होय रे, शहाण्या?”

माईंची जपमाळ कुणी कधी पाहिली नव्हती. ती गोमुखीच्या कापडी पिशवीत असायची. हात आत, माळ आत. आज त्यांनी ती बाहेर काढून दोघांच्या मधे धरली.

“तुझी आई तुला इथं ठेवून गेली, त्या दिवसाचं सांगते.”

अभिराम एकदम ताठ बसला. हे विचारायचं धाडस त्याला आजवर झालं नव्हतं.

माई बोलू लागल्या. मणी सरकू लागले.

अभिरामची नजर उरलेल्या मण्यांवरच होती; ते कमी होत चालले. उन्हाचं कशाला सांगताहेत… पायवाटेचं कशाला… लवकर मुद्द्यावर या ना… आणि माळ संपल्याचा मेरुमणी आला.

माई वाक्याच्या मधेच थांबल्या.

“पुढे?”

“संपली.”

“पण जाताना आई काय म्हणाली, ते राहिलं.”

“ते मघाशीच सांगितलं की.”

…

त्याने आठवून पाहिलं. त्याला नुसते मणी आठवत होते.

“माई,” तो अगदी हळू म्हणाला, “मी नाही ऐकलं. पुन्हा सांगता?”

माईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि त्याला हाताला धरून जवळ ओढलं. माळ परत गोमुखीत गेली. पिशवी हलत होती. आत किती सरले, किती उरले, ते त्याला दिसत नव्हतं.

“वीटभट्टीवर निघाली होती. अंगात ताप. तू झोपलेला होतास, तुला उठवू दिलं नाही तिनं. उंबऱ्यापाशी वळून म्हणाली, ‘याला भाताची खरवड आवडते. तेवढी टाकून देऊ नका.’”

…

रोज सगळ्यांचं वाढून झालं की पातेल्याच्या तळाची खरवड माई अभिरामच्या ताटात घालायच्या. आपला ताठा उतरावा म्हणून, असं तो इतकी वर्षं समजत आला होता.



वाडीतली माणसं टेकडी चढू लागली. कोंडाआजी सगळ्यांच्या मागे होती, गुडघ्यावर हात टेकत.

अभिरामने बाहीने डोळे पुसले.

“मग मोजायचंच नाही का, माई? श्रीपतराव पुन्हा सगळं ओढतील. आजीचा लेक बोलता बोलता पडद्यावर गोठून बसेल.”

“मोज की. मोजू नकोस म्हणालं कोण?”

माई उठल्या. आलेल्या माणसांसाठी सतरंजीचं एक टोक त्यांनी त्याच्या हातात दिलं.

“फक्त मीटरचं तोंड त्यांच्याकडे नको, आपल्याकडे ठेव.”