अंगठ्याखालचे ठोके

"मग खोटं कोण, बाबा? डॉक्टर, की माझा हात?"

हे विचारतानाही रामलिंगचा उजवा अंगठा स्वतःच्याच डाव्या मनगटावर घट्ट दाबलेला होता. अकरा दिवस तो तिथेच होता. जेवायला बसला की तेवढा सुटे, आणि जेवणही दोन घासांतच आटपे.

करीमशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर कंदुरीचं, नवसाच्या बकऱ्याचं मटण साफ करत होते. फकिरी घेण्याआधी ते टेकडीखालच्या गावचे मुलाणी. तीस वर्षं बकरी कापलेली. कुणाची कंदुरी असली, की लोक अजूनही सुरी त्यांच्याच हातात देत.

"बस," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

रामलिंगला पहिल्यापासून सांगता येईना. शेवटाकडून सुरू झालं, मध्ये अडकलं, पुन्हा मागे गेलं.

त्याचा थोरला भाऊ हणमंत खाणीत दगड फोडत होता. छाती धरून खाली बसला आणि तसाच कलंडला. रामलिंग घण टाकून धावला. त्याने भावाचं मनगट धरलं, तर नाडी लागली. चांगली ठसठशीत. मुकादमाने ट्रॅक्टर आणला होता, पण रामलिंगने कुणाला हात लावू दिला नाही. हलवू नका, म्हणाला. डॉक्टरला इथेच आणा. मला कळतं त्यातलं. कुठल्याशा दवाखान्यात तीन महिने झाडू मारला होता, तेवढ्या जोरावर.

वहिनी पाया पडत होती. भावजी, नेऊ या त्यांना. आणि हा तिला ओरडून सांगत होता, चालू आहे, चालू आहे.

तासाभराने डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली, छातीला नळी लावली आणि म्हणाले, हा बसला त्या जागीच गेला. रामलिंगने एका हाताने त्यांची कॉलर धरली. दुसऱ्या हातात भावाचं मनगट होतं. त्यात ठोके तेव्हाही येत होते.

"जिवंत असेल, तर मीच नेऊ दिला नाही," रामलिंग म्हणाला. "मेला असेल, तर माझ्या हातात काय होतं?"

बाबा मटण साफ करत राहिले.

"मला नाडी शिकवा. पुन्हा चुकायचं नाही मला."

घरातल्या प्रत्येकाची मनगटं तो धरत सुटला होता. झोपलेल्या पुतणीचं धरलं, ती दचकून रडायला लागली. शेवटी आई म्हणाली, हात बांधून ठेवीन तुझे.

बाबांनी ताटातून मुठीएवढा लाल गोळा उचलला.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"काळीज."

"काळीज म्हणजे कलेजी, ती... तव्यावर जाईल थोड्या वेळाने. हे दिल. इतकी वर्षं खातोस, ओळखत नाहीस."

रामलिंगला हसू आलं नाही.

बाबांनी सुरीने तो गोळा उभा चिरून उघडला. आत चार खोल्या होत्या. दोन वर, दोन खाली. खालच्या डाव्या खोलीची भिंत बोटाएवढी जाड होती, उजवीची पातळ. उजवीला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, त्यांनी सांगितलं, डावीला पार खुरापर्यंत. खोल्यांच्या मधे पातळ पडदे होते आणि त्यांना छत्रीच्या काड्यांसारख्या पांढऱ्या दोऱ्या. दारं आहेत ती, बाबा म्हणाले. एकाच बाजूला उघडतात. गेलेल्याला मागे येऊ देत नाहीत.

"माणसाचंही असंच?"

"असंच."

"मग त्याचं कुठलं दार बिघडलं?"

"मला काय माहीत? मी बकरी कापली."

त्यांनी अर्धा गोळा मडक्यातल्या पाण्याने धुतला आणि दगडावर ठेवला.

"बघ याची नाडी."

"चेष्टा करता?"

"भावाची जशी बघितलीस, तशी बघ."

रामलिंगने रागारागाने अंगठा दाबला. मांस गार होतं...

ठप्. ठप्. ठप्.

हात भाजल्यासारखा त्याने मागे घेतला.

"बाबा, हे चालू आहे."

"पहाटे कापलंय."

"तुम्ही हात लावून बघा ना."

बाबांनी हात लावला नाही. "आता अंगठा नको. ही दोन बोटं ठेव. हलकी."

त्याने बोटं ठेवली, श्वास रोखला.

काही नाही. नुसतं गार मांस.

"पुन्हा अंगठा."

ठप्. ठप्. ठप्.

तो रक्ताचा डाग लागलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"हे... माझेच?"

"अंगठ्यात मोठी नाडी असते, बेटा. जोराने दाबला, की तीच लागते."

खाली चुलीत लाकूड फुटलं. कुणीतरी कांद्यासाठी हाक मारत होतं.

"म्हणजे दादा..."

"डॉक्टर म्हणाले तसंच. बसला त्या जागी."

"आणि मी तासभर वहिनीला सांगत होतो..."

त्याने एकदम डाव्या हाताने सुरीकडे झेप घेतली. उजवा अंगठा दगडावर टेकवला होता. पण सुरीवर आधीच बाबांचा गुडघा होता. सोडा, तो म्हणत राहिला, सोडा. बाबा हलले नाहीत. शेवटी त्याने मूठ सोडली आणि तो दगडाशेजारी बसला.

मग बाबांनी बाही वर केली आणि आपला वाळका हात त्याच्या मांडीवर ठेवला.

"माझी बघ. शिकायची होती ना?"

रामलिंगने दोन बोटं ठेवली. आत काहीतरी बारीक, दुबळं हललं. मग पुन्हा. मग...

"बाबा, थांबली."

"येईल."

"नाही येत."

"बस गप्प. येईल."

आली.

"मधेच चुकते ही," तो म्हणाला. "तुम्ही डॉक्टरकडे..."

"सहा वर्षं जातोय. गोळी चालू आहे."

पुन्हा एक ठोका चुकला. रामलिंग बोटं अधिकच रुतवू लागला, जणू आतला ठोका ओढूनच बाहेर काढणार होता.

बाबांनी दुसऱ्या हाताने त्याची दोन्ही बोटं सोडवली. त्याचा अंगठा धरला, रक्ताचा डाग तसाच असलेला, आणि आपल्या मनगटावर टेकवला. ठप्. ठप्. एकही चुकेना.

"तपासायची बोटं डॉक्टरांची," ते म्हणाले. "तू अंगठ्यानेच धर."