यमूची गणितं

कोसमबोडीच्या तळ्याला अजून दगडी पाळ बांधलेली नव्हती आणि जंगल शाळेच्या मागच्या भिंतीला येऊन टेकलेलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. सांगणारे बदलले, गोष्ट तीच राहिली.

एका दुपारी गावात बैलगाडी आली आणि तिच्यातून एक मास्तर उतरले. बरोबर एक पत्र्याची पेटी, दुसरं काही नाही. नाव त्र्यंबक. पोरांना ते नाव पेललं नाही, म्हणून ते तिंबक गुर्जी झाले. कुठून आले, घरी कोण आहे, असं पाटलाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "लांबून आलो. घरी कुणी नाही." एवढं बोलून त्यांनी पेटी उचलली आणि शाळेमागच्या खोलीत नेऊन ठेवली.

तिकडे, त्यांच्या गावात, पटकीची साथ आली होती. बायको गेली, आणि तिच्या मागोमाग मुलगी गेली. मुलीचं नाव यमू. हे त्यांनी कोसमबोडीत कुणाला सांगितलं नाही; गावाला ते फार पुढे कळलं. संध्याकाळी गावातल्या घराघरातून चुलीचा धूर निघायचा, तेव्हा तेही चूल पेटवायचे. पण तांदूळ घेताना हात तीन माणसांचाच घ्यायचा. उरलेला भात सकाळी तळ्यावरच्या पाखरांना जायचा. पाखरं मात्र लठ्ठ झाली, असं म्हणतात.

शाळेतल्या पोरांना पाढे तोंडपाठ होते. अगदी ओरडून छप्पर उडेल असे पाठ होते. पण गोष्टीतलं गणित घातलं की सगळी गडबड. दोन आकडे कानावर पडले, की पोरं त्यांची बेरीज करून मोकळी. पहिल्याच आठवड्यात गुर्जींनी विचारलं, "एका मुलीकडे आठ शिंगाडे होते. तिनं तीन आईला दिले. आता तिच्याकडे किती?"

"अकरा!" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला.

"दिले म्हणतोय मी. देऊन वाढले कसे?"

मग गुर्जी जमिनीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "डोळे मिटा. ती मुलगी बघा. लाल परकर नेसलीय. पुढचा एक दात पडलाय. तिच्या ओटीत शिंगाडे आहेत. आई चुलीपाशी बसलीय. आता सांगा, ती काय करतेय?"

"ओटीतून काढून मायले देऊन रायली," मासे धरणाऱ्या डोमा ढिवराची पोर कौतिका म्हणाली.

"मग ओटीत?"

"पाच उरले."

"तिचं नाव काय गुर्जी?" मागून कुणीतरी विचारलं.

गुर्जींनी तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "यमू."

त्या दिवसापासून यमू शाळेत यायला लागली. कधी ती मोहफुलं वेचायची, कधी बापाबरोबर बाजाराला जायची, कधी तिच्या बकऱ्या हरवायच्या आणि त्यातल्या निम्म्या नाल्यात सापडायच्या. आकडे मोठे आले की गुर्जी म्हणायचे, "घाबरू नका. आधी यमूला दोनच बकऱ्या द्या. तेवढ्यात कसं होतं ते बघा, मग सगळा कळप आत सोडा." काही समजेना झालं की कोळशानं जमिनीवर चित्र काढायला लावायचे. आणि शेवट माहीत असला, सुरुवात नसली, तर म्हणायचे, "मग यमूला उलटं चालवा. शेवटी काय केलं, त्याच्या आधी काय केलं, त्याच्याही आधी काय केलं. घर सापडतंच."

पोरं घरी जाऊन आयांना यमूच्या गोष्टी सांगायची. धानाच्या बांधीत रोवणी करताना बायका एकमेकींना विचारायच्या, "आज काय केलं वं यमूनं?" आणि गुर्जी? वर्ग भरलेला असे तोवर त्यांचं घर भरलेलं असायचं. पोरं गेली की यमू जायची. मग शाळेच्या पायरीवर ते एकटेच बसलेले दिसायचे, तळ्याकडे तोंड करून. कुणी रस्त्यानं जाताना हाक मारली तर ओ द्यायचे, पण उठून कुणाकडे गेले नाहीत.

अशी काही वर्षं गेली. गुर्जींचे केस पांढरे व्हायला लागले. एके दिवशी त्यांनी गणित घातलं, "यमू नऊ वर्षांची. तिचा बाप छत्तीस वर्षांचा. बाप यमूच्या बरोब्बर दुप्पट वयाचा कधी होईल?"

पोरांनी डोकी खाजवली. कौतिकानं कोळसा घेतला आणि जमिनीवर दोन रेघा ओढल्या. एक लांब, एक आखूड. बराच वेळ ती रेघांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "गुर्जी, बाप एक वर्षानं वाढला तं यमूबी एक वर्षानं वाढते. मधलं अंतर सत्तावीस हाये, ते तेवढंच रायते. मंग यमू सत्तावीसची झाली की बाप चोपनचा. तवा दुप्पट!"

तिनं मान वर केली. शाबासकी मिळेल असं तिला वाटलं होतं. गुर्जी भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरा पार उतरला होता.

"अंतर तेवढंच राहतं," ते हळूच म्हणाले. "दोघंही चालत राहिले तर."

कौतिका हुशार होती. तिनं गुर्जींचे पांढरे केस पाहिले, खालच्या दोन रेघा पाहिल्या. विचारू नये ते तिनं विचारलं. "गुर्जी, यमू आता केवढी हाये?"

"नऊ," गुर्जी म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पोरांनी त्यांना बरं वाटावं म्हणून आपण होऊन गणितं आणली. यमू आमच्या घरी आली, मायनं तिला इतके मासे वाढले. यमू आमच्या डोंग्यात बसून तळ्यात फिरली. पोरं बिचारी हळू आवाजात बोलत होती, दुखवटा असलेल्या घरात बोलतात तशी. गुर्जींना ते सोसवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, उत्तरं तपासली, आणि त्यानंतर यमूचं एकही गणित घातलं नाही. गणितात आता एक माणूस असायचा, एक व्यापारी असायचा, कुणालाच नाव नसायचं. खोलीत भात मात्र अजून तिघांचाच शिजायचा. जुनी माणसं सांगतात, साथीनं यमू एकदा गेली आणि गुर्जींच्या मौनानं दुसऱ्यांदा गेली.

मग मोहाचा मोसम आला. फुलं पहाटे गळतात, म्हणून सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जायचं. मोठी माणसं जवळच्या झाडांखाली वाकली होती. चौदा पोरं फुलांच्या नादानं पार आत गेली. कुठेतरी कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवला होता, फुलं नीट दिसावीत म्हणून. वारा फिरला आणि आग हातची गेली. बघता बघता वणवा लागला. आयाबाया किंचाळत बाहेर आल्या, गडी फांद्या घेऊन धावले, पण आगीनं त्यांना मागे रेटलं. आत पोरं, मध्ये धूर, आणि बाहेर जंगलाच्या कडेला सगळं गाव.

गुर्जीही तिथे उभे होते. त्यांची नजर धुरावर खिळली होती. डोमा ढिवरानं त्यांचा दंड धरला. "गुर्जी, काही तं बोला!"

"कौतिका आहे ना त्यांच्यात?" गुर्जींनी विचारलं.

"हाये."

"मग थांब थोडं."

आत काय झालं ते कौतिकानं पुढे जन्मभर सांगितलं. धुरात हात पुढे केला तर हात दिसेना. लहान पोट्टे रडायला लागले, कुणी इकडे पळे, कुणी तिकडे. तेव्हा तिनं सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि मोठ्यानं म्हणाली, "गणित आइका! यमू जंगलात हरवली हाये. तिले घरी जायचं हाये. शेवटी तिनं काय केलं होतं?"

रडता रडता एक पोरगं म्हणालं, "पांढऱ्या दगडापासून चढून आली."

"त्याच्या आधी?"

"नाला ओलांडला."

"त्याच्या आधी?"

"नाला उजव्या हाताले होता!"

"मंग आता उलटं चालवा तिले."

हातांनी चाचपत, उतार धरून त्यांनी तो दगड शोधला. तिथून पोरं नाला ओलांडून गेली आणि मग तो डाव्या हाताला ठेवून चालत राहिली. धूर दाट होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण लहानग्यांनी रडणं सोडलं, कारण आता पोरं हरवली नव्हती, यमू हरवली होती, आणि पोरं तिला घरी आणत होती.

गुर्जींना धुरातून पहिली सावली दिसली. मग दुसरी. हातात हात घातलेली रांग बाहेर येत होती. ते सवयीनं मोजू लागले. ओठ हलत होते, ते जवळ उभ्या असलेल्या बायकांनी पाहिलं. ओठ हलायचे थांबले तेव्हा गुर्जींच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे गावानं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पंधरा," ते म्हणाले.

तोवर आयांनी पोरं छातीशी धरली होती. ज्याचं त्याला मिळालं. पाटलानं मोजली तर चौदा. पुन्हा मोजली, चौदाच. "समदे आले गुर्जी," तो म्हणाला. "एकबी कमी नाई."

"पुढे एक होती," गुर्जी म्हणाले. "लाल परकर. सगळ्यांच्या पुढे."

"सगळ्याच्या पुढे मीच होती गुर्जी," कौतिका म्हणाली. आणि मग तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "पण माहाबी हात कोणीतरी धरला होता."

गुर्जींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुम्ही बरोबर सोडवलंत. ती तुम्हाला सोडून परत आत गेली. मी घेऊन येतो."

डोमा त्यांना अडवायला धावला. पण असं म्हणतात, की धूर दारासारखा उघडला, गुर्जी आत गेले आणि धूर मिटला. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. शाळा सुटल्यावर बाप पोरीला न्यायला येतो, तसे ते गेले.

आग विझल्यावर गावानं जंगल पालथं घातलं. काही सापडलं नाही. जोडा नाही, हाड नाही, कापडाची चिंधी नाही. फक्त जळालेल्या पाचोळ्यातून एक वाट नाल्यापर्यंत गेली होती. तिच्यावरचं गवत हिरवंगार होतं. नाल्यापाशी ती संपली होती. त्या वाटेवर दोन माणसांची पावलं होती असं काही जण सांगतात. कौतिका तसं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "मी जाऊन पायलं तवा पाणी पडून गेलं होतं."

आजही कोसमबोडीत मोहाच्या मोसमाआधी सगळं गाव खराटे घेऊन निघतं आणि त्या वाटेवरचा पाचोळा झाडून काढतं. तिला गुर्जीची वाट म्हणतात. ती झाडलेली असली की वणवा पलीकडून अलीकडे येत नाही. नाल्यापाशी पोचल्यावर मोठी माणसं खराटे खाली ठेवतात. मग शाळेतली पोरं ओळीनं उभी राहतात आणि प्रत्येक जण आपण रचलेलं एक गणित जंगलाकडे तोंड करून मोठ्यानं सांगतो. त्या दिवशी उत्तर कुणी द्यायचं नसतं; ते यमूनं द्यायचं असतं. गणित सांगून झालं की सगळे पानांची सळसळ ऐकत उभे राहतात. थोडा वेळ वाट बघतात, आणि मग घरी येतात.