हातभर अंतरावरून

एका नदीकाठच्या गावात एकदा एक घड्याळजी लढाईच्या तयारीला लागला होता. नीळकंठ त्याचे नाव. लढाई मेजावरची होती. अंगठ्याएवढे शिशाचे सैनिक, हिरवे कापड अंथरलेले रणांगण, चाल मोजायला फूटपट्टी आणि वार लागला की हुकला हे ठरवायला फासे, असा तो खेळ. एका बाजूला सातवाहनांचे सैन्य, दुसऱ्या बाजूला शकांचे. शकांची बाजू नीळकंठाचा बालमित्र मुकुंद सांभाळणार होता. मुकुंद शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला. त्याने आपले दीडशे शक एका हिवाळ्यात रंगवून कपाटात रांगेने उभेही करून टाकले होते. सातवाहन मात्र तीन वर्षे झाली तरी रणांगणावर येईनात.

याला कारण नीळकंठाचा हात. त्याचे सारे आयुष्य मनगटी घड्याळांच्या पोटात गेलेले. डोळ्याला भिंग लावले की त्याला जे दिसे, ते इतरांना दिसत नसे. शिपायाच्या उपरण्याला तो किनार काढी, किनारीवर वेलबुट्टी काढी, कानातल्या कुंडलात खडाही बसवी. एका घोडेस्वारावर त्याने दीड महिना घालवला होता. त्या स्वाराला पापण्या होत्या. अशा रीतीने तीन वर्षांत एकशेवीसपैकी अकरा सैनिक तयार झाले.

हे रंगकाम तो तात्यांकडे शिकत असे. तात्यांनी पन्नास वर्षे गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखले होते. आता परांचीवर चढणे झेपत नसल्याने मोठ्या मूर्तींचे काम त्यांनी सोडले होते. पण जो येईल त्याला कुंचला धरायला ते आनंदाने शिकवीत. दर गुरुवारी दुपारी दुकान बंद करून नीळकंठ त्यांच्या ओसरीवर जाई. तात्या त्याचा सैनिक हातात घेत, डोळ्यांजवळ नेत, “सुरेख” म्हणत आणि परत देत. याहून अधिक काही बोलत नसत. नीळकंठाला वाटे, आपले काम अजून पुरेसे बारीक होत नसावे.

एके दिवशी सकाळी मुकुंद दुकानात आला. स्टूल ओढून बसला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळांकडे बराच वेळ पाहत राहिला.

“नील्या, ती घड्याळं आता मला नीट दिसत नाहीत,” तो म्हणाला. “काचबिंदू आहे म्हणे. औषधं चालू आहेत. पण जी नजर गेली ती गेली, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.”

नीळकंठाने हातातला चिमटा खाली ठेवला. “मला बोलला नाहीस कधी?”

“बोलून काय होणार होतं? आता बोलतोय, कारण एक विचारायचं आहे. तुझं सैन्य कधी येणार? वर्ष, दीड वर्ष मला एवढं तरी दिसेल. पुढचं कुणी सांगावं? एकदा तरी आपली लढाई होऊ दे रे.”

मुकुंद हसत हसत हे बोलला, म्हणून ते अधिकच लागले. तो गेल्यावर नीळकंठाने हिशेब मांडला. आपल्या गतीने उरलेल्या सैन्याला तीस वर्षे लागणार होती. त्याला दिवसभर काम सुचले नाही. गुरुवारची वाट न पाहता त्याने अकराही सैनिक कापसात गुंडाळून डब्यात घातले आणि तात्यांची ओसरी गाठली.

सारे ऐकून घेतल्यावर तात्यांनी डबा उघडला. सैनिक एकेक करून पाटावर मांडले. मग त्यांनी तो पापण्यांचा घोडेस्वार उचलला, वाटीत तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ कालवला आणि जाड कुंचल्याने स्वाराला डोक्यापासून घोड्याच्या खुरांपर्यंत माखून टाकले.

“तात्या!” नीळकंठ ओरडलाच. “अहो, हे काय केलंत? दीड महिना लागलाय त्याला!”

तात्यांनी स्वाराला उन्हात ठेवले. आत जाऊन चहा सांगून आले. चहा झाला, तोवर रंग वाळला. मग त्यांनी थोडासा फिकट रंग घेऊन त्याच्या खांद्यावर, मुंडाशाच्या वरच्या घडीवर आणि घोड्याच्या आयाळीवर चार-पाच फटकारे ओढले. पाट ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि नीळकंठाला म्हणाले, “त्या भिंगाला जरा विश्रांती दे. इथे माझ्याशेजारी बस. आता बघ.”

नीळकंठ रागातच बसला. त्याने मान वर केली. पाटावर दहा सैनिक एका मळकट, राखाडी गठ्ठ्यासारखे दिसत होते. कोण धनुर्धर, कोण भालाईत, काही कळत नव्हते. त्या दहांच्या शेजारी अकरावा होता. तपकिरी रंग त्याच्या वस्त्राच्या चुण्यांत, बोटांच्या फटीत, आयाळीच्या बटांत जाऊन बसला होता आणि तिथे सावल्या पडल्या होत्या. खांद्यावर ऊन पडल्यासारखे वाटत होते. त्याचा घोडा जणू आता पाऊल उचलणार होता.

पापण्या मात्र बुडाल्या होत्या. त्या आता कुणालाच दिसणार नव्हत्या.

“या पापण्या तू कुणासाठी काढल्यास?” तात्यांनी सौम्यपणे विचारले.

नीळकंठाने बराच विचार केला. “माझ्यासाठीच,” तो म्हणाला.

“त्यात वाईट काही नाही,” तात्या म्हणाले. “म्हणून तर तीन वर्षं मी तुला टोकलं नाही. आपल्या आनंदासाठी काम करणाऱ्या माणसाच्या आनंदात आपण कशाला हात घालावा? आज मात्र तू पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंस. मी जन्मभर डोळे आखले, पण मूर्तीला खेटून उभं राहून एकही डोळा ठरवला नाही. आखायचो जवळून, ठरवायचो दारातून. कारण दर्शनाला येणारा माणूस दारातून येतो. मुकुंद तुझ्या सैनिकांना भिंगाखाली धरणार नाही. तो मेजापलीकडे बसणार, हातभर अंतरावर, आणि त्यातून त्याची नजर मंदावलेली. त्याच्यापर्यंत जे पोचेल, तेवढंच त्याला मिळणार.”

नीळकंठाने कुंचला उचलला. त्याने विचारले, “ते फिकट फटकारे कुठे द्यायचे, दाखवाल?”

त्या दिवसापासून त्याची रीत पालटली. दहा-दहांची रांग लावून आधी सगळ्यांची वस्त्रे, मग अंगाचा रंग, मग ढाली. मग तपकिरी न्हाण आणि शेवटी वरच्या कडांना उठाव. प्रत्येक टप्प्यानंतर तो उठून खोलीच्या दारापर्यंत जाई आणि वळून पाही. पहिली रांग बिघडली. धनुर्धर फारच काळवंडले, ते त्याने पुन्हा केले. दुसरी बरी उतरली. तिसऱ्या रांगेच्या वेळी आपण काम करताना गुणगुणतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. भिंग लावून काम करताना त्याने नेहमी श्वास रोखून धरलेला असे. पाचव्या महिन्यात चार हत्तींसह सातवाहनांचे सैन्य पूर्ण झाले.

रविवारी मुकुंदाच्या घरी जेवणाचे मेज मोकळे केले गेले. मुकुंदाच्या पत्नीने, सुलभावहिनींनी, कापड अंथरले आणि त्याखाली पुस्तके ठेवून टेकड्या करून दिल्या. नीळकंठाने आपले सैन्य मांडले. मुकुंद आपल्या खुर्चीत बसला. नीळकंठ त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

मुकुंद वाकला नाही. त्याने डोळे बारीक केले नाहीत. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवीत तो म्हणाला, “डोंगराच्या अंगाला धनुर्धर ठेवलेस. मधे भालाईत. आणि हत्ती पुढे? लबाडा, मला घाबरवायला बघतोस काय?” मग त्याचा आवाज किंचित खाली आला. “दिसतायत रे नील्या. सगळे दिसतायत.”

लढाई तीन तास चालली. शकांच्या बाणांनी नीळकंठाचे हत्ती बिथरले आणि उलटे फिरून त्याच्याच भालाइतांना तुडवीत गेले. मुकुंद इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. सातवाहनांचा दणदणीत पराभव झाला. इतिहासाची ही उलथापालथ इतिहासाच्या मास्तरांनी आनंदाने मान्य केली आणि ते वहिनींना म्हणाले, “पुढच्या रविवारीही मेज लागेल हं.”

वहिनी पोहे आणायला आत गेल्या, तेव्हा नीळकंठ सहज उठला. मेजाला वळसा घालून तो मुकुंदाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पलीकडे, हातभर अंतरावर, त्याचे उरलेसुरले सैन्य उभे होते. विस्कटलेले, हरलेले, ऊन अंगावर घेतलेले. मुकुंदाला ते जसे दिसत होते, तसे त्याने आज ते प्रथमच पाहिले.

“काय बघतोस?” मुकुंदाने मान न वळवता विचारले.

“काही नाही,” नीळकंठ म्हणाला. “तू बघतोस तेच.”

वाचकहो, आपण कुणासाठी काही घडवीत असू, तर एकदा आपल्या जागेवरून उठावे आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहावे.